वेताळाचा मुखवटा आणि जनाबाईचे जाते

१

रंजनप्रधान साहित्याकडे पाहण्याच्या दोन भूमिका मराठी समीक्षेत दीर्घकाळ वावरत आल्या आहेत. पहिली भूमिका संशयाची आहे. तिच्या मते चित्रकथा, रहस्यकथा, साहसकथा यांसारख्या प्रकारांमुळे वाचकाची अभिरुची बिघडते आणि तो वास्तवापासून दुरावतो. दुसरी भूमिका सहिष्णुतेची आहे. ती अशा साहित्याला समाजमनाचा दस्तऐवज मानते, त्याच्या खपाची आणि प्रसाराची कारणे शोधते व मूल्यनिर्णय शक्यतो लांबणीवर टाकते. वरवर परस्परविरोधी वाटणाऱ्या या भूमिकांत एक गोष्ट समान आहे. अतिमानवी नायकाच्या कथेचा विचार करताना दोन्हींची नजर नायकावरच खिळलेली असते. तो हिंसक आहे काय, तो कोणत्या वर्गाचा प्रतिनिधी आहे, त्याचे आकर्षण कशात आहे, हे प्रश्न विचारले जातात. ज्यांच्यासाठी हा नायक धावून येतो, त्या वाचवल्या जाणाऱ्या माणसांचा विचार मात्र क्वचितच होतो.

प्रस्तुत लेखात हाच उपेक्षित पक्ष विचारात घ्यावयाचा आहे. दुसऱ्याकडून वाचवले जाणे ही नैतिक दृष्टीने कशा प्रकारची घटना आहे? रक्षणकर्ता ज्यांचे रक्षण करतो त्यांना उत्तर देण्यास तो बांधील नसेल, तर त्याच्या रक्षणाला न्याय म्हणता येईल काय? हा प्रश्न ‘इंद्रजाल कॉमिक्स’ या मालिकेतील वेताळाच्या संदर्भात, आणि तोही परभणी जिल्ह्यातील गंगाखेड या गोदाकाठच्या गावाकडून पाहत मांडण्याचा येथे प्रयत्न आहे. या दृष्टिस्थानाला कारण आहे. गंगाखेड ही परंपरेने संत जनाबाईंची जन्मभूमी मानली जाते. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हे गाव निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. पुढे १९७२ च्या दुष्काळाचा तडाखा बसलेल्या मराठवाड्याचा ते भाग होते. दैवी कृपा, सशस्त्र ‘संरक्षण’ आणि शासकीय साहाय्य या रक्षणाच्या तीन वेगवेगळ्या रूपांचा अनुभव या प्रदेशाच्या स्मृतीत आहे. गंगाखेडात वेताळाचे वाचक किती होते, हा येथे मुद्दा नाही. या स्मृतीसमोर वेताळाला उभे केले असता काय दिसते, एवढेच पाहावयाचे आहे.

२

प्रथम प्रकाशनाची हकीकत थोडक्यात पाहू. ली फॉक या अमेरिकन लेखकाने १९३४ मध्ये ‘मॅन्ड्रेक’ आणि १९३६ मध्ये ‘फॅन्टम’ या चित्रमालिका वृत्तपत्रांसाठी सुरू केल्या. पहिला फॅन्टम चाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेला. चाच्यांनी पित्याची हत्या केल्यावर १५३६ मध्ये त्याने दुष्टांच्या निर्दाळणाची शपथ घेतली आणि ती पिढ्यान्‌पिढ्या बापाकडून मुलाकडे येत राहिली. आजचा नायक या परंपरेतील एकविसावा आहे. अरण्यातील लोकांना मात्र तो एकच, अमर पुरुष वाटतो. मृत्यूनंतर मुलगा तोच पोशाख, तोच मुखवटा धारण करतो आणि मरण घडलेच नाही असा आभास टिकून राहतो.

मार्च १९६४ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या प्रकाशनसंस्थेने मुंबईहून ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले. पहिल्या अंकात फॅन्टमच्या पट्ट्याची, म्हणजे त्याच्या पित्याच्या खुन्याच्या शोधाची कथा होती. १९९० मध्ये मालिका बंद पडेपर्यंत ८०० हून अधिक अंक निघाले. फॅन्टमबरोबर मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन यांसारखे नायक तीत आले. इंग्रजीखेरीज मराठी, हिंदी आणि इतर भारतीय भाषांतून तिच्या आवृत्त्या निघत. आरंभीच्या काळात या उपक्रमाशी संबंधित असलेले अनंत पै पुढे बाहेर पडले आणि १९६७ मध्ये त्यांनी ‘अमर चित्र कथा’ सुरू केली. म्हणजे भारतीय चित्रकथेच्या स्वदेशी प्रवाहाचा एक उगम याच परकी नायकाच्या शेजारी आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे.

मराठीत फॅन्टम ‘वेताळ’ झाला. भाषांतराच्या दृष्टीने ही निवड यशस्वी ठरली यात शंका नाही. ज्यांचे बालपण साठ ते ऐंशीच्या दशकांत गेले अशा मराठी वाचकांना ‘महाबली वेताळ’ हा शब्द उच्चारताच कवटीची गुहा, कवटीचे सिंहासन आणि गुन्हेगाराच्या हनुवटीवर उमटणारा कवटीचा ठसा आठवतो. परंतु नायकाच्या नावापेक्षा अधिक अर्थपूर्ण असे काही बदल इंद्रजालच्या संपादकांनी केले. मूळ कथेतील देशाचे नाव बंगालची आठवण करून देणारे होते. ते ‘डेंकाली’ असे करण्यात आले. मूळ चाचे ‘सिंग’ जमातीचे होते. ते ‘सिंगा’ झाले. वेताळाच्या पित्याचा घात करणारा मूळ कथेत ‘रामा’ होता. तो ‘रामलू’ झाला.

३

या नामांतरांमागील संपादकीय सावधगिरी उघड आहे. वाचकांच्या भावना दुखावतील, ही भीती निराधार नव्हती. अशा तडजोडी प्रत्येक भाषांतरात होतात, असे म्हणून हा विषय सोडूनही देता येईल. पण अभिग्रहणाच्या दृष्टीने पाहता येथे केवळ शब्द बदललेले नाहीत. वाचकाची जागा बदललेली आहे.

मूळ मालिकेच्या आरंभीच्या अवस्थेत आशियाचा आणि आफ्रिकेचा नकाशा एकमेकांत मिसळलेला होता. त्या कल्पित भूगोलात भारतीय वाचकाला दोनच जागा उपलब्ध होत्या. एक जागा चाच्यांची व घातक्यांची होती आणि दुसरी आश्रितांची. नायकाच्या गुहेचे रक्षण करणाऱ्या ठेंगण्या, विषारी बाणांच्या जमातीला फॉकने ‘बांदार’ हे नाव दिले होते. त्याचा हिंदी-मराठी कानांना येणारा अर्थ सांगण्याची आवश्यकता नाही. युरोपीय वंशाचा मुखवटाधारी पुरुष काळ्यासावळ्या लोकांच्या अरण्यात चार शतके न्याय देत बसतो आणि ते लोक त्याला अमर समजतात, ही या कथेची मूळ मांडणी आहे. ‘बंगाल’, ‘सिंग’, ‘रामा’ ही नावे तशीच राहिली असती, तर ही मांडणी मराठी वाचकाला केव्हातरी खटकली असती. आपण या कथेत नेमके कोठे आहोत, हा प्रश्न त्याला पडला असता. ‘डेंकाली’ने तो प्रश्न पुसून टाकला. देश अनामिक झाला, खलनायक अनामिक झाले, आणि वाचकाला आश्रितांच्या रांगेतून उचलून थेट नायकाच्या घोड्यावर बसविण्यात आले.

कोणी म्हणेल की यात वाईट काय झाले? अपमानाच्या जागेवरून वाचकाला सन्मानाच्या जागी आणले, ही एका अर्थाने मुक्तीच नव्हे काय? या आक्षेपात तथ्य आहे. वसाहतीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या समाजातील मुलाने स्वतःला नायकाच्या ठिकाणी कल्पिणे यात आत्मविश्वासाचा अंश निश्चितच आहे. परंतु या सन्मानाची किंमत लक्षात घेतली पाहिजे. अरण्यातील माणसे तेथेच राहिली. त्यांची श्रद्धा, त्यांची भीती, त्यांचे परावलंबन यांत काहीही बदलले नाही. बदलला तो फक्त त्यांच्याकडे पाहणारा वाचक. ज्या डोळ्यांनी पूर्वी त्याच्याकडे पाहिले गेले होते, त्याच डोळ्यांनी तो आता दुसऱ्यांकडे पाहू लागला. अपमान नाहीसा झाला नाही. तो दुसऱ्याच्या नावे वर्ग झाला.

देशीवादी समीक्षेच्या संदर्भात हे उदाहरण विशेष विचारणीय ठरावे. नाव देशी झाले म्हणजे संहिता देशी झाली असे होत नाही. उलट परक्या दृष्टीला देशी नाव मिळाले की ती दृष्टी परकी असल्याची जाणीवच बोथट होते.

४

वेताळकथेचे नैतिक मर्म मुखवट्यापेक्षा गुपितात आहे. वाचकाला ठाऊक असते की हा पुरुष मर्त्य आहे, त्याच्याआधी वीस जण गुहेत चिरनिद्रा घेत आहेत. बांदारांचा अपवाद वगळता अरण्यवासीयांना हे ठाऊक नसते. कथेचा सारा आनंद या ज्ञानविषमतेवर उभा आहे. प्लेटोने आपल्या आदर्श नगरराज्यासाठी ज्या हितकारक असत्याची कल्पना मांडली, त्याचे हे लोकप्रिय रूप म्हणता येईल. राज्यकर्त्याने प्रजेच्या भल्यासाठी सांगितलेले खोटे क्षम्य आहे, असे ती कल्पना सांगते. वाचकाला येथे राज्यकर्त्यांच्या गोटात प्रवेश मिळतो आणि त्याबद्दल त्याच्याकडून एकच अपेक्षा असते. त्याने गुपित राखावे.

उंबेर्तो एको याने १९६२ मध्ये सुपरमॅनवर लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात दोन गोष्टी दाखवून दिल्या आहेत. अतिमानवी नायकाचा काळ खर्ची पडत नाही, आणि अमर्याद सामर्थ्य असूनही तो समाजरचनेला हात लावत नाही. त्याच्या जगात दुष्टावा म्हणजे मालमत्तेवरील हल्ला, आणि सज्जनता म्हणजे दानधर्म. वेताळाला हे विवेचन पूर्णतः लागू पडत नाही, कारण त्याचा काळ खर्ची पडतो. तो मरतो, त्याचे १९७७ मध्ये लग्न होते, त्याला मुले होतात. पण नेमक्या याच कारणाने त्याची सत्ता अधिक गंभीर ठरते. सुपरमॅनचे सामर्थ्य परग्रहावरून आलेले आहे. वेताळाची सत्ता वारशाने आली आहे. तिला निवडणूक नाही, मुदत नाही, अपील नाही. अरण्याच्या गस्तदलाचा तो सेनापती आहे, पण दलातील शिपायांनाही आपला सेनापती कोण हे माहीत नसते. आज्ञा येते, ती पाळली जाते आणि आज्ञा देणाऱ्याला कोणी प्रश्न विचारू शकत नाही.

फॉकच्या बाजूने एक गोष्ट नोंदविली पाहिजे. साठच्या दशकात, म्हणजे आफ्रिकेतील वसाहती स्वतंत्र होत असताना, त्याने या कल्पित देशाला लामांडा लुआगा हा लोकनियुक्त राष्ट्राध्यक्ष दिला. तो पेशाने डॉक्टर आहे आणि वेताळ त्याला लष्करी हुकूमशहाविरुद्ध साहाय्य करतो. लेखकाला काळाची जाणीव होती, हे यावरून दिसते. परंतु लोकशाही आल्यानंतरही गुहा, सिंहासन आणि गुपित कायम राहतात. राष्ट्राध्यक्ष निवडून येतो, रक्षणकर्ता मात्र निवडून येत नाही. लोकशाहीला शेवटी कोणातरी मुखवट्याने सांभाळावे लागते, असाच अर्थ त्यातून निघतो.

५

आता ‘वेताळ’ या नावाकडे येऊ. भाषांतरकाराने हे नाव निवडताना भीती आणि अद्‌भुतता यांचा विचार केला असावा. पण शब्द आपल्याबरोबर आपली परंपराही आणतो. आपल्या परंपरेतील वेताळ या मुखवटाधाऱ्याहून फार वेगळा आहे.

‘वेताळपंचविशी’तील वेताळ हा प्रश्न विचारणारा आहे. विक्रम राजा त्याला खांद्यावर घेऊन स्मशानातून चालतो आणि तो राजाला एकामागून एक न्यायाचे पेच घालतो. उत्तर माहीत असून राजा गप्प राहिला तर त्याच्या मस्तकाची शकले होतील, अशी अट आहे. सत्ताधाऱ्याला मौनाची मुभा नाही, असा या चौकटीचा अर्थ लावता येतो. ज्या नावाने राजाला बोलते करावयाचे, तेच नाव मराठी चित्रकथेत एका निरुत्तर सत्तेला मिळाले, हा योगायोग म्हटला तरी बोलका आहे.

लोकदैवतांतील वेताळाकडे पाहिल्यास हा विरोध अधिक ठळक होतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ले तालुक्यात आरवली येथे वेतोबाचे देवस्थान आहे. हा देव रात्री गावाच्या राखणीसाठी फिरतो, अशी श्रद्धा आहे. म्हणून भाविक त्याला चामड्याच्या मोठ्या वहाणा अर्पण करतात आणि त्या वहाणांचे तळ झिजलेले आढळतात असे सांगितले जाते. या श्रद्धेची शहानिशा करणे हे समीक्षेचे काम नव्हे. तिची रचना पाहण्याजोगी आहे. येथे रक्षणकर्त्याला पायताण पुरविणारे लोक तेच आहेत ज्यांचे तो रक्षण करतो. तो पायी चालतो. त्याच्या चालण्याचा पुरावा लोकांसमोर असतो. वहाण झिजली नाही तर देव फिरला की नाही, हे विचारण्याची सोय या श्रद्धेतच आहे. कवटीच्या गुहेतील वेताळाला असा हिशेब कोणी मागू शकत नाही.

मराठी वाचकाच्या अपेक्षांच्या क्षितिजावर हे दोन्ही वेताळ आधीपासून उपस्थित होते. चित्रकथेने त्यांचे नाव घेतले आणि उत्तरदायित्वाचा भाग वगळला.

६

गंगाखेडच्या संदर्भात हा विचार एक पाऊल पुढे जातो. परंपरेनुसार जनाबाई येथे एका शूद्र कुटुंबात जन्मल्या आणि लहानपणीच पंढरपुरास दामाशेटींच्या, म्हणजे नामदेवांच्या वडिलांच्या घरी आल्या. त्या दासी म्हणून राबल्या. त्यांच्या नावावरील अभंगांत आणि त्यांच्याविषयीच्या आख्यायिकांत विठ्ठल त्यांच्याबरोबर दळू लागतो, पाणी भरतो, गोवऱ्या वेचतो, झाडलोट करतो, त्यांची वेणीफणीही करतो. त्यांच्यावर देवाचे पदक चोरल्याचा आळ येऊन सुळाची शिक्षा होते तेव्हा सुळाचेच पाणी होते, अशी कथा आहे. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत दळताना स्त्रियांनी गायिलेल्या ओव्यांत जनी पुन्हा पुन्हा येते. तिचे जाते त्यांच्या जात्याशेजारी मांडलेले असते.

अतिमानवी रक्षणकर्त्याची ही दुसरी कल्पना आहे. तीत रक्षणकर्ता वरून उतरतो, पण उतरल्यावर वर राहत नाही. ज्या कामाने समोरचा माणूस थकला आहे तेच काम तो हाती घेतो. काण्टने १७९७ च्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात उपकारकर्त्यावर एक कर्तव्य टाकले आहे. आपला उपकार स्वीकारून समोरच्यानेच आपल्याला उपकृत केले, अशी त्याची वागणूक असावी, म्हणजे घेणाऱ्याचा मानभंग होत नाही. जनाबाईंच्या आख्यायिकांतील विठ्ठल हेच करतो. जनी त्याला रागे भरते, अधिकारवाणीने बोलते. आश्रित व्यक्तीला रक्षणकर्त्यावर रागावता येणे हे त्या नात्याच्या निरोगीपणाचे लक्षण मानता येईल. वेताळावर अरण्यातील कोणी हक्काने रागावल्याचे चित्र मनासमोर आणून पाहावे. ते त्या चौकटीत बसत नाही.

येथपर्यंतचे विवेचन सोयीचे आहे, आणि म्हणूनच ते येथे थांबविता येणार नाही. विठ्ठल जनीबरोबर दळतो, पण जनी दळायची थांबत नाही. सुळाचे पाणी होते, पण दासीपण तसेच राहते. सहश्रमाने दुःख हलके होते. ते ज्या व्यवस्थेतून आले ती व्यवस्था त्याने हलत नाही. वारकरी परंपरेच्या गौरवात ही बाजू झाकली जाऊ नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात दिलेला इशारा या संदर्भात निर्णायक आहे. धर्मातील भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल, राजकारणातील भक्ती मात्र अधःपतनाकडे आणि अंती हुकूमशाहीकडे नेते, असा त्या इशाऱ्याचा आशय आहे. कितीही थोर पुरुष असो, त्याच्या चरणी आपले स्वातंत्र्य वाहू नये, असे त्यांनी मिलचा आधार घेऊन बजावले होते. या निकषावर केवळ वेताळच नव्हे, तर रक्षणाची सगळीच भावुक रूपे तपासावी लागतात. विठ्ठल वेताळाहून श्रेष्ठ रक्षणकर्ता आहे. पण ज्या जगात जनीला रक्षणकर्त्याची गरजच पडू नये, त्या जगाचा प्रश्न दोघेही अनुत्तरित ठेवतात.

७

मराठवाड्याच्या विसाव्या शतकातील इतिहासाने हा प्रश्न पुस्तकाबाहेर आणून ठेवला. ‘रझाकार’ या शब्दाचा अर्थ स्वयंसेवक असा आहे. संस्थानाच्या अखेरच्या वर्षांत रक्षणाच्या नावाखाली उभे राहिलेले हे सशस्त्र दल गावोगावच्या लोकांच्या आठवणीत दहशतीचा पर्याय बनून राहिले. स्वतःला रक्षक म्हणविणाऱ्याला कोणी जाब विचारू शकत नसेल, तर रक्षक आणि चाचा यांतील भेद त्याच्या मर्जीपुरताच उरतो. हा धडा या प्रदेशाने चित्रकथेतून शिकलेला नाही.

याच प्रदेशाने साहाय्याचे आणखी एक रूप पाहिले. १९७२ च्या दुष्काळात मोठ्या संख्येने माणसे खडी फोडण्याच्या आणि मातीकामाच्या जागी गेली. त्या अनुभवाच्या पार्श्वभूमीवर वि. स. पागे यांनी पुरस्कारलेल्या योजनेला १९७७ च्या रोजगार हमी अधिनियमाने कायद्याचे रूप मिळाले. मागेल त्याला काम, आणि ठरल्या मुदतीत काम न मिळाल्यास भत्ता, ही त्यातील तत्त्वे होती. अंमलबजावणीतील उणिवांची चर्चा पुष्कळ झाली आहे आणि ती योग्यच आहे. नीतिविचाराच्या दृष्टीने मात्र येथे एक मूलभूत फरक पडला. साहाय्य मागणारा याचक राहिला नाही, तो दावेदार झाला. देणारा अनुपस्थित राहिला तर त्याला दोषी ठरविता येऊ लागले. वेताळ आला नाही म्हणून अरण्यवासी कोणाकडे तक्रार करणार? विठ्ठल न आल्यास जनी रुसू शकते, रागावू शकते, पण तिच्या रागाला कायद्याचे बळ नाही. हक्काने ते बळ दिले.

ज्या वर्षांत हे घडत होते, त्याच वर्षांत इंद्रजालनेही एक वेगळा नायक आणला. डिसेंबर १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा ‘बहादुर’ प्रकट झाला. तो डाकूचा मुलगा. पित्याला मारणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याचा सूड घेण्याची इच्छा त्याच्या मनात असते, पण अखेर तो कायद्याच्या बाजूला येतो आणि नागरिकांचे सुरक्षा दल उभारतो. त्याला मुखवटा नाही. कुर्ता आणि जीन्स हा त्याचा वेश. त्याचे गाव, त्याचा बाप, त्याची चूक सगळ्यांना ठाऊक आहे. रक्षण हे अमर पुरुषाचे वतन नसून गावकऱ्यांनी मिळून करावयाचे काम आहे, ही जाणीव येथे अंधूकपणे का होईना, दिसते. आणीबाणीच्या काळात हा नायक अवतरला, याचा किती अर्थ लावावा हे सांगणे कठीण आहे. पण वाचकाच्या ओठांवर अधिक काळ टिकले ते नाव मात्र वेताळाचेच. मुखवट्याचे आकर्षण चेहऱ्याच्या आकर्षणाहून प्रबळ ठरले, एवढे मान्य करावे लागेल.

८

वरील विवेचनावर एक शेवटचा आक्षेप शक्य आहे. वाचक संहितेने नेमून दिलेल्या जागी मुकाट बसतो, असे आपण गृहीत धरले काय? वाचककेंद्री समीक्षेने हे गृहीतक कधीच मोडीत काढले आहे. पापुआ न्यू गिनीतील वाह्‌गी खोऱ्याचे उदाहरण येथे बोलके आहे. तेथील लोकांनी आपल्या युद्धातील ढालींवर फॅन्टमचे चित्र रंगविले. कथेने ज्यांना आश्रितांच्या जागी कल्पिले असते अशांनीच मुखवटा उचलला आणि आपल्या झगड्यात अमरत्वाची खूण म्हणून वापरला. मराठी मुलानेही डेंकालीच्या अरण्यात आपापले काही वाचले असेल. घरी, शाळेत, गावात ज्याला कोणी विचारत नाही अशा मुलाला एक गुपित सांभाळण्याचा मान मिळाला असेल. तो आनंद खोटा नव्हता आणि त्याची चेष्टा करण्याचा अधिकार समीक्षेला नाही.

परंतु वाचकाचे स्वातंत्र्य मान्य केले म्हणजे त्याची जबाबदारीही मान्य करावी लागते. वाचक आपली जागा निवडू शकत असेल, तर त्याने कोणती जागा निवडली हा प्रश्न नीतीचाच होतो. अतिमानवी नायकाच्या कथांचा खरा धोका ठोशांत किंवा बंदुकांत नाही. ‘वाचविणारा मीच’ या कल्पनेची त्या जी सवय लावतात, तिच्यात तो आहे. ही सवय जडलेला माणूस पुढे नोकरीत, राजकारणात, समाजसेवेत जातो तेव्हा ज्यांचे तो भले करू पाहतो त्यांच्या प्रश्नांनी त्याला आश्चर्य वाटते, क्वचित रागही येतो. आणि ज्या दिवशी त्याला स्वतःलाच मदतीची गरज पडते, त्या दिवशी मदत कशी मागावी, ती न मिळाल्यास जाब कसा विचारावा, हे त्याला कोणत्याच चित्रचौकटीने शिकविलेले नसते.

म्हणून रक्षणकर्त्याची पारख त्याच्या सामर्थ्यावरून किंवा हेतूवरून करणे अपुरे आहे. वेताळाचा हेतू निर्मळ आहे, आणि तरीही त्याची सत्ता न्याय्य ठरत नाही. पारख त्याच्या आणि वाचवल्या जाणाऱ्याच्या नात्यावरून व्हावयास हवी. वाचवल्या जाणाऱ्याला त्याचा चेहरा दिसतो काय, त्याच्यावर रागावता येते काय, तो न आल्यास कोठे दाद मागता येते काय? आरवलीचा वेतोबा यांतील एखाद्या कसोटीला उतरतो, जनाबाईंचा विठ्ठल दुसऱ्या, आणि कायद्याने दिलेला हक्क, त्याच्या साऱ्या कोरडेपणासह, तिसऱ्या. डेंकालीचा वेताळ एकाही कसोटीला उतरत नाही.

इंद्रजालचे जुने अंक आता संग्राहकांच्या कपाटांत गेले आहेत आणि त्यांच्याविषयी बोलताना बहुधा बालपणाच्या हळवेपणाचा सूर लागतो. त्या हळव्या आठवणींना नाकारण्याचे कारण नाही. मात्र हे अंक पुन्हा उघडले गेले, तर वेताळाच्या मागे, चौकटीच्या कडेला, नावाशिवाय उभ्या असलेल्या माणसांकडे एकदा थांबून पाहावे. ‘डेंकाली’ हे नाव छापले गेले नसते, तर त्यांत आपणही उभे दिसलो असतो.